उभ्या ट्रकापुढचा ब्रेक

रात्री महामार्गावर गाडी हाकणाऱ्याला धावत्या ट्रकपेक्षा उभ्या ट्रकची धास्ती जास्त. मागचा दिवा फुटलेला, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला आणि इशारा म्हणून मागे ठेवलेले चार दगड, नाहीतर झाडाची फांदी. अशा ट्रकखाली मोटार घुसल्याची बातमी आली, की गाडीत आपोआप लागणारा ब्रेक असता तर, अशी हळहळ हल्ली ऐकू येते. शोरूममधला विक्रेताही ‘गाडी स्वतःच थांबते’ एवढ्यावर विषय उरकतो. गाडी थांबते हे खरे, पण कशापुढे आणि केव्हा, हे तो सांगत नाही.

ही यंत्रणा म्हणजे खेळणे नव्हे. रडार समोरच्या वस्तूचे अंतर आणि वेग मोजतो, काचेमागचा कॅमेरा ती वस्तू काय आहे ते ओळखतो आणि संगणक टक्कर व्हायला किती क्षण उरले याचा हिशेब मांडत राहतो. आधी भोंगा, मग हलका ब्रेक. तरीही चालकाचा पाय हलला नाही, तर पूर्ण ब्रेक. व्होल्व्होने २००८ मध्ये शहरी वेगासाठी आणलेली ही सोय जुलै २०२४ पासून युरोपीय संघात प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीची आहे. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेला अशा गाड्यांचे मागून धडकण्याचे अपघात निम्म्याने कमी झालेले आढळले.

घोडे अडते ते उभ्या वस्तूपाशी. धावत्या गाडीतल्या रडारला उभा ट्रक, डोक्यावरचा पूल, दिशाफलक आणि कडेचा लोखंडी कठडा हे सारे एकाच वेगाने अंगावर येताना दिसते. प्रत्येक पुलापाशी ब्रेक लागला, तर मागचा येऊन आदळेल. म्हणून उभ्या वस्तूच्या प्रतिध्वनीवर संगणक सहसा लगेच विश्वास ठेवत नाही, कॅमेऱ्याची साक्ष मागतो. आणि अंधारात कॅमेऱ्याला दिसते ते हेडलाइटच्या उजेडापुरतेच. ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला २८ मीटर कापते. ब्रेक पूर्ण दाबला तरी कोरड्या रस्त्यावर थांबायला सुमारे ५० मीटर लागतात. पावसात, गुळगुळीत टायरवर त्याच्या दुप्पटही. टक्कर टळली नाही तरी वेग निम्मा झाला, तर आघाताची ऊर्जा चौथ्या हिश्श्यावर येते, हा लाभ मोठाच. मात्र ट्रकची मागची बाजू उंच असली, की बंपर खालून निसटतो आणि आघात थेट काचेवर येतो.

अंधाराची ही अडचण माणसापुढेही येते. विमा कंपन्यांच्या त्याच अमेरिकी संस्थेला दिवे नसलेल्या रस्त्यांवर पादचाऱ्यांच्या बाबतीत या ब्रेकचा फायदा दिसला नाही. तिथल्या सरकारने २०२४ च्या नियमात रात्रीची पादचारी चाचणी घातली आहे. गाड्यांना मुदत सप्टेंबर २०२९ पर्यंत.

आपल्याकडे केंद्राने २०२५ मध्ये बस-ट्रकसाठी या यंत्रणेचा मसुदा काढला, हे योग्यच. पण देशात २०२२ मध्ये रस्त्यावर गेलेल्या १,६८,४९१ जिवांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते. तेव्हा इथली चाचणी अंधारात, बिनदिव्याच्या ट्रकमागे आणि मध्येच आडव्या घुसणाऱ्या दुचाकीसमोर व्हायला हवी. आणि तोवर? ट्रकला फिटनेस प्रमाणपत्र देताना मागे जाऊन दिवा लागतो का हे पाहायला रडार लागत नाही. समृद्धीसारख्या मार्गावर ट्रकचालकाला रात्री पाठ टेकायला पुरेसे थांबे आणि बंद पडलेले वाहन तातडीने बाजूला काढणारी क्रेन, या दोन गोष्टींसाठी तर कोणत्याही मसुद्याची वाट पाहायचे कारण नाही.