विश्लेषण : कुत्र्याला झुकिनी दिली तर चालते का? भाजी चालते, फोडणी नाही!

सॅलडसाठी झुकिनी चिरायला घेतली की घरातला कुत्रा हमखास ओट्यापाशी येऊन बसतो. एखादी चकती खाली पडते, तो ती पटकन खाऊन टाकतो आणि आपण मोबाइल हातात घेतो. कुत्र्याने झुकिनी खाल्ली तर चालते का? दोन सेकंदांत उत्तर मिळते, ‘होय’. हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच. ते चिरलेल्या, साध्या भाजीबद्दल आहे. आपल्या घरात कुत्र्याच्या ताटलीत जाते ती मात्र बहुतेक वेळा कढईतली, उरलेली भाजी. तिच्यात कांदा असतो, लसूण असते, मीठ आणि तेल असते. झुकिनी सुरक्षित म्हणून झुकिनीची भाजीही सुरक्षित, हा समज कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतो.

झुकिनी नेमकी कोणत्या कुळातली?

दिसायला काकडीसारखी, हिरव्या किंवा पिवळ्या सालीची झुकिनी ही दुधी, काकडी, दोडका आणि लाल भोपळा यांच्याच कुळातली. तिचे पूर्वज मूळचे अमेरिका खंडातले. आज आपण पाहतो तो लांबट वाण १९व्या शतकात उत्तर इटलीत विकसित झाला. महाराष्ट्रातही ती आता नवलाईची राहिलेली नाही. पुणे परिसरातील शेतकरी ब्रोकोली आणि रंगीत ढोबळी मिरचीबरोबर तिचे पीक घेतात आणि ‘विदेशी भाजी’ म्हणून ती मार्केट यार्डापासून घरपोच भाजी देणाऱ्या अॅपपर्यंत सगळीकडे मिळते.

१०० ग्रॅम झुकिनीत सुमारे ९५ टक्के पाणी असते. तिच्यातून जेमतेम १७ किलोकॅलरी ऊर्जा आणि सुमारे एक ग्रॅम तंतू मिळतात. साखर आणि स्निग्धांश अगदी कमी. प्राण्यांसाठी विषारी आणि बिनविषारी वनस्पतींची यादी ठेवणाऱ्या ‘एएसपीसीए’ या अमेरिकी संस्थेने झुकिनीची नोंद कुत्र्यांसाठी बिनविषारी अशीच केली आहे.

मुळात कुत्र्याला भाजी पचते का?

कुत्रा हा लांडग्याचा वंशज असला तरी त्याचे पोट आता लांडग्याचे राहिलेले नाही. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या एरिक अॅक्सेल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात कुत्रे आणि लांडगे यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्टमय पदार्थ पचवणारे अमायलेज हे विकर तयार करण्यासाठी लागणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती सापडल्या. कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत होत्या. माणसाच्या उष्ट्यावर पोसल्या गेलेल्या हजारो वर्षांचा हा परिणाम मानला जातो.

पण पोळी-भात पचतो म्हणजे भाजीवर भागते, असे नाही. कुत्र्याला प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ पुरेसे लागतातच. झुकिनीत ते नसल्यासारखेच आहेत. म्हणून ती कुत्र्याचे जेवण होऊ शकत नाही, फार तर खाऊ होऊ शकते. जाड झालेल्या कुत्र्याचे जेवण निम्मे करून उरलेली ताटली झुकिनीने भरणे हा घरगुती ‘डाएट’ पशुवैद्याला विचारल्याशिवाय करू नये. वजन उतरेल, पण त्याबरोबर स्नायूही झडतील.

किती द्यावी?

खाऊतून मिळणारी ऊर्जा दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावी, हा पशुवैद्यांचा सर्वसाधारण नियम आहे. तो आकड्यांत मांडून पाहू. कुत्र्याच्या किलोतील वजनाचा ०.७५ वा घात काढायचा आणि त्याला ७० ने गुणायचे. ही झाली विश्रांतीच्या अवस्थेत लागणारी ऊर्जा. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी त्याला पुन्हा १.६ ने गुणतात. १० किलोच्या कुत्र्यासाठी उत्तर येते सुमारे ६३० किलोकॅलरी. त्याचे दहा टक्के म्हणजे ६३.

आता ६३ किलोकॅलरीसाठी झुकिनी किती लागेल? जवळपास ३७० ग्रॅम! म्हणजे मध्यम आकाराच्या दोन झुकिनी. गणित बरोबर आहे, पण एवढी भाजी त्या कुत्र्याला एका दिवसात घातली तर पोट फुगणे, गॅस आणि जुलाब ठरलेले. दहा टक्क्यांचा नियम फक्त ऊर्जेची मर्यादा सांगतो. झुकिनीच्या बाबतीत त्याआधीच आतड्यांची मर्यादा येते. म्हणून सुरुवात अगदी थोड्याने करावी. पाच किलोपर्यंतच्या कुत्र्याला चमचाभर बारीक तुकडे, १० ते १५ किलोच्या कुत्र्याला तीन-चार पातळ चकत्या, लॅब्रेडॉरसारख्या मोठ्या कुत्र्याला मूठभर. दुसऱ्या दिवशी शौच नीट झाली तरच पुन्हा द्यावी. मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असलेल्या, तसेच ठरवून दिलेल्या आहारावर असलेल्या कुत्र्याला नवे काहीही देण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

याच गणिताची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे कुत्र्याचा खाऊ म्हणजे ग्लुकोज बिस्कीट, हे जणू ठरून गेले आहे. पाच ग्रॅमच्या एका बिस्किटातून साधारण २२ किलोकॅलरी मिळतात. म्हणजे तीन बिस्किटांत आपल्या १० किलोच्या कुत्र्याचा दिवसभराचा खाऊ संपला. एका बिस्किटाइतकी ऊर्जा मिळायला सुमारे १३० ग्रॅम झुकिनी खावी लागते. सुटलेल्या कुत्र्याला बिस्किटाऐवजी दोन-तीन चकत्या देण्यात खरा फायदा इथे आहे.

कशी द्यावी?

स्वच्छ धुऊन, दोन्ही टोके कापून. साल काढायची गरज नाही आणि बियाही मऊ असल्याने चालतात. कच्ची देता येते, पण वाफवलेली किंवा नुसत्या पाण्यात उकडलेली पचायला सोपी. मीठ, तेल, तूप, मसाला यांपैकी काहीही नको. आकाराकडे मात्र लक्ष हवे. अधाशीपणे गिळणाऱ्या कुत्र्याच्या आणि पॉमेरेनियन, पग अशा लहान जातींच्या घशात जाड गोल चकती अडकू शकते. त्यांच्यासाठी झुकिनी आधी उभी चिरून मग बारीक तुकडे करावेत, किंवा किसून रोजच्या जेवणात मिसळावी. लोणच्यातली, तळलेली किंवा चीज घालून भाजलेली झुकिनी देऊ नये.

मग खरा धोका कुठे आहे?

फोडणीत. कांदा, लसूण, पातीचा कांदा या साऱ्यांत गंधकाची अशी संयुगे असतात, जी कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात आणि त्याला रक्तक्षय होतो. कुत्र्याने एका वेळी आपल्या वजनाच्या ०.५ टक्क्यांहून अधिक कांदा खाल्ला तर विषबाधा दिसून येते. १० किलोच्या कुत्र्यासाठी हे प्रमाण ५० ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराचा अर्धा कांदा. चार किलोच्या पॉमेरेनियनसाठी फक्त २० ग्रॅम. थोडा थोडा कांदा रोज पोटात जात राहिला तरी नुकसान साचत जाते.

कांदा शिजवला, परतला किंवा वाळवला तरी हा दोष जात नाही. भाजीतून कांद्याचे तुकडे वेचून बाजूला काढले तरी रस भाजीत उतरलेलाच असतो. पाकिटातल्या सूपमध्ये आणि तयार मसाल्यांत कांदा-लसणाची पूड असते, तिच्यात तर तो आणखी एकवटलेला असतो. सर्वात फसवी गोष्ट म्हणजे लक्षणे लगेच दिसत नाहीत. कुत्रा त्या दिवशी मजेत असतो. काही दिवसांनी तो मलूल होतो, हिरड्या फिक्या पडतात, श्वास जोरात चालतो, लघवी गडद लालसर किंवा तपकिरी होते. तोवर मागच्या आठवड्यातली वाटीभर भाजी कोणाच्या लक्षातही नसते.

चिंचेबद्दलही सावध राहायला हवे. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात हे बऱ्याच वर्षांपासून माहीत होते, कारण मात्र कळत नव्हते. २०२१ मध्ये अमेरिकी विषबाधातज्ज्ञ पशुवैद्यांनी द्राक्षातील टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. पुढे चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही मूत्रपिंडाला तशीच इजा झाल्याचे त्यांनी नोंदवले. चिंचेतही हेच आम्ल भरपूर असते. आमटी-भात कालवून कुत्र्याला घालणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवावे. त्याच्यासाठी भात आधीच वेगळा काढलेला बरा.

झुकिनी कडू लागली तर?

या कुळातल्या भाज्यांत कुकर्बिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात. बाजारात येणाऱ्या वाणांत ती नगण्य असतात. पण घरी राखलेल्या बियांपासून, परागीभवनात दुसऱ्या वाणाशी संकर झाल्याने किंवा रोपाला पाण्याचा ताण पडल्याने ती वाढू शकतात. २०१५ मध्ये जर्मनीत ७९ वर्षांच्या एका गृहस्थांचा घरगुती बागेतली कडू झुकिनी खाल्ल्याने मृत्यू झाला होता. आपल्याकडेही २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने या विषयाचा अभ्यास केला. रस काढण्याआधी दुधीचा लहान तुकडा चाखून पाहावा आणि कडू लागल्यास तो वापरू नये, असा सल्ला समितीने दिला.

ही उदाहरणे माणसांची आहेत, पण नियम कुत्र्यालाही तोच लावावा. शिजवल्याने हा कडूपणा जात नाही. काकडीचे टोक कापून घासण्याची आपली सवय इथे पुरेशी नाही. कच्चा लहान तुकडा आपण चाखावा. कडू लागला तर थुंकून टाकावा आणि ती भाजी ना घरच्यांना द्यावी, ना कुत्र्याला. गच्चीवर किंवा बाल्कनीत वेल लावणाऱ्यांनी तर प्रत्येक वेळी चाखावे. कुत्रा भराभर गिळतो. कडू आहे म्हणून तो स्वतः थांबेल, या भरवशावर राहू नये.

चुकून फोडणीची भाजी खाल्लीच तर?

वाट पाहू नये. कुत्र्याचे वजन किती, त्याने काय खाल्ले, साधारण किती आणि किती वाजता, या चार गोष्टी लिहून लगेच पशुवैद्याला फोन करावा. मसाल्याचे पाकीट असेल तर त्याचा फोटो पाठवावा. उलटी व्हावी म्हणून मिठाचे पाणी पाजण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. तो करू नये. रक्तातील सोडियम वाढून त्यानेच कुत्रा दगावू शकतो. उलटी करवायची की नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्यावे. साधी झुकिनी थोडी जास्त खाल्ली असेल आणि एखादी पातळ शौच झाली, तर पाणी भरपूर ठेवून लक्ष ठेवावे. वारंवार उलट्या, रक्त किंवा सुस्ती दिसली तर दवाखाना गाठावा.

‘चालते का?’ हा प्रश्नच अपुरा

‘कुत्रा अमुक खाऊ शकतो का’ अशा याद्या मोबाइलवर ढिगाने मिळतात आणि बहुतेक याद्या ‘हो’ किंवा ‘नाही’वर थांबतात. त्या लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर उकडलेल्या भाजीची ताटली असते. आपल्या स्वयंपाकघरात मात्र जवळपास प्रत्येक भाजी कांदा-लसणातून जाते. त्यामुळे भाजी कोणती, या प्रश्नाबरोबरच ती कढईत जाण्याआधीची की नंतरची, हेही विचारायला हवे. उरलेले अन्न टाकवत नाही म्हणून कुत्र्याला घालणे ही आपल्याकडची जुनी आणि मायेची सवय आहे. ती मोडायची गरज नाही, तिची वेळ तेवढी बदलायला हवी. जेवणे झाल्यावर उरलेले देण्याऐवजी भाजी चिरतानाच, तेल तापायच्या आधी, एक तुकडा आपण चाखायचा आणि चार चकत्या त्याच्यासाठी बाजूला काढायच्या.