देशी मन म्हंजे कुणाचं मन?

मानसशास्त्र गोऱ्यांच्या मापानं बेतलेलं आहे, ही तक्रार खरीच. 2003 ते 2007 मधली वजनदार अमेरिकी नियतकालिकं तपासली, तर अभ्यासाला घेतलेली 96 टक्के माणसं पाश्चात्य धनिक देशांतली निघाली. जगाच्या लोकसंख्येत त्या देशांचा वाटा 12 टक्के!

मग देशी मानसशास्त्र हवं. हवंच. फिलिपिन्समध्ये व्हर्जिलियो एन्रिकेझनं 1970 नंतर ते उभं केलं. परक्या भाषेतली प्रश्नावली बाजूला सारून तो लोकांच्या भाषेत, त्यांच्यात बसून, गप्पांतून विचारू लागला. लोकांच्या रोजच्या बोलण्यातला 'कापवा' त्यानं मध्यभागी ठेवला. कापवा म्हंजे समोरच्यातही मीच आहे.

आणि आपल्याकडं? 2002 साली पाँडिचेरीत मानसशास्त्रज्ञ जमले, 'भारतीय मानसशास्त्रा'चा जाहीरनामा निघाला. त्या वाटेवरची पुस्तकं उघडा: उपनिषदं, योगसूत्रं, गीता. बुद्धही भेटतो, पण डोळे मिटलेला. वर्णावर प्रहार करणारा बुद्ध यांना पेलत नाही. वर उपदेश काय, तर अहंकार सोडा. अरे, कुणाला सांगता? ज्याला पिढ्यान् पिढ्या 'मी' म्हणू दिलं नाही, त्यानं सोडायचं काय?

जातीचं ठाणं मनात असतं, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच 'जातिप्रथेचं विध्वंसन'मध्ये दाखवलं. ते पुस्तक मानसशास्त्राच्या किती वर्गांत लागतं?

भाड्यानं खोली मागताना मालक आडनाव विचारतो, तेव्हा घशात जे अडकतं त्याला आपल्या आया धसका म्हणतात, जीव कोंडणं म्हणतात. दोस्तहो, हे शब्द घेऊन वस्तीत बसा. वही नंतर काढा.