जंतूची सुई

सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी पुण्यात, प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत असता, प्लेगनेच निवर्तल्या, हे आमच्या मंठाळच्या मुलांना तोंडपाठ आहे. त्याच वर्षी १० जानेवारीस मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, हेही काहींना ठाऊक असते. परंतु तो जंतू शरीरात शिरून करतो तरी काय, असे विचारले की वर्ग गप्प! दोष मुलांचा नव्हे. आम्ही शिक्षकच त्याला 'साधा जीव' म्हणून पुढे जातो.

हा साधा जीव सुई बाळगतो. पिसवेच्या अंगात असेतो ती घडत नाही. मनुष्यदेहाची ऊब लागली की घडते. प्रथिनाचा एकेक कण पोकळ नळीतून वर सरकतो व टोकाशी जडतो. जंतूला गिळावयास आलेल्या पांढऱ्या पेशीस ही सुई टेकते, आणि तिच्यावाटे आत उतरलेली प्रथिने त्या पेशीची गिळण्याची शक्तीच लुळी पाडतात. पहारेकरीच पंगू झाल्यावर गाव लुटले जाणारच. (मूत्रमार्गातील जंतूंना तर चिकटून राहण्यासाठी केसांसारखे तंतू असतात.)

आज प्रतिजैविके वेळेवर मिळाल्यास प्लेगचा रोगी बहुधा वाचतो. पण औषधांना न जुमानणारे जंतू वाढत असल्याने, जंतूला न मारता त्याची सुईच बोथट करता येईल का, याचा शोध चालू आहे. मी कला शाखेचा पदवीधर. तरीही माझ्या मते सावित्रीबाईंच्या पाठालाच ही सुई फळ्यावर काढावी. यंदा नववीत मी ती काढली. एका मुलीने विचारले, "सर, नळीच बुजवली तर?"