हवामान घोकायचं नसतं

मंडळी, सहावी-सातवीत जगाचं हवामान शिकवताना आपण बहुतेकदा प्रदेशांची नावं घोकून घेतो. विषुववृत्तीय, मोसमी, टुंड्रा... पेपर झाला की सगळं विसरलं! मला विचाराल तर आधी कारण शिकवावं, तेही घराजवळचं.

महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि पसरणीचा घाट उतरून वाईला आलं की १,००० सुद्धा नाही. वारा डोंगर चढताना पाऊस देतो, पलीकडे उतरताना तापतो, कोरडा होतो. हे एकदा कळलं आणि तिथले वारे पश्चिमेचे एवढं सांगितलं, की अँडीजच्या पूर्वेचा पॅटागोनिया कोरडा का, हे मुलांना आपणहून सांगता येतं. मग विचारावं, क्विटो विषुववृत्ताजवळ असून थंड का? उंची सुमारे २,८५० मीटर!

आज याची गरज जास्त आहे. एक दिवस गारठा पडला की "कुठे आहे तापमानवाढ?" असं मोठी माणसंच विचारतात. आजची ती हवा; साधारण ३० वर्षांची सरासरी ते हवामान. हा फरक सातवीतच पक्का व्हायला हवा.

नावं काय, पुस्तकात सापडतात. 'का?' विचारायची सवय मात्र वर्गातच लागते. बघा पटतंय का.