रोज जेवणाऱ्यांच्या मागे जा

नोकरीसाठी मुंबईत नव्यानं आलेली भाचे-पुतणे मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात : स्वस्तात चांगलं कुठे खायचं? मोबाइलवर याद्या पुष्कळ आहेत, पण त्या बहुधा हौसेनं एकदाच जाऊन आलेल्यांच्या असतात. म्हणून पत्त्याआधी मी एक खूण सांगते. दुपारी एक वाजता बँकेतला शिपाई, टॅक्सीवाला आणि शेजारच्या दुकानातला पोऱ्या जिथं मेन्यूकार्ड न मागता ऑर्डर देतात, तिथं बसा. रोज येणाऱ्याला फसवून हॉटेल चालत नाही. कालचं सांबार आज वाढलं, तर तो उद्या येत नाही. दर वाढला, तर पहिला जाबही तोच विचारतो.

या शहरातलं बरंचसं स्वस्त खाणं कामकरी माणसाची भूक आणि त्याची वेळ बघूनच घडलं. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार बायकामुलं गावी ठेवून एकटा राहायचा. लालबाग-परळच्या चाळींतल्या बायका त्याच्या पाळीप्रमाणे जेवण रांधायच्या. महिन्याच्या हिशेबानं जेवणारा तो त्या खानावळीचा ‘मेंबर’. त्याचा पगार होईपर्यंत किराणा उधारीवर भरायचा आणि व्याज सोसायचं ते या बायकांनी. प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र आणून १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांच्यासाठी बँकेच्या कर्जाची वाट मोकळी केली. ज्यांच्या कष्टांवर गिरणगाव जेवत होतं, त्यांना पत मिळाली. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, मेंबर पांगले आणि खानावळीही ओसरल्या. त्याच कष्टकऱ्यांच्या मुंबईनं वडापाव आपला केला. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर तो पहिल्यांदा मिळू लागला, असं सांगतात. ताट नको, टेबल नको, गाडी पकडता पकडता एका हातानं खाता येतो.

माटुंग्याची गोष्ट वेगळ्या नोकरदारांची. दक्षिणेतून टायपिस्ट, कारकून म्हणून आलेल्या मंडळींना घरच्यासारखं जेवण हवं होतं. स्टेशनाजवळचं रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून ते वाढतं आहे. केळीच्या पानावर गरम भात, रसम, भाज्या आणि शेवटी ताक. तिथं कुणी उगाच रेंगाळत नाही, कारण पुढचा माणूस भुकेला उभा असतो.

रेंगाळायचंच असेल तर इराण्याच्या हॉटेलात जावं. मेट्रो सिनेमाजवळचं कयानी १९०४ चं. एक चहा, एक बन मस्का किंवा कडक ब्रून घ्यावा आणि पेपर वाचत बसावं. ज्या काळात पंक्ती जातीनं मांडल्या जात, त्या काळात इराण्याच्या संगमरवरी टेबलावर कुणीही कुणाशेजारी बसू शकत होतं. चहाच्या किमतीत मिळणारी ती बरोबरी मला या शहराची फार मोठी कमाई वाटते.

पिण्याचंही तसंच. बाटलीबंद थंड पेयापेक्षा दादरच्या ‘प्रकाश’मधला जायफळ-वेलचीच्या वासाचा पियुष मला केव्हाही जवळचा. सोबत साबुदाणा वडा घेतला की दुपार भागते. उन्हात कोकम सरबत, पावसात आल्याचं कटिंग. कटिंग म्हणजे अर्धा चहा, अर्ध्या पैशांत. म्हणून खिसा हलका असला तरी मित्राला चहा पाजता येतो.

आता या ठिकाणांचे दर कमी कसे राहिले, तेही समजून घ्यायला हवं. मालकाचा चांगुलपणा असतोच, पण खरं गणित जागेच्या भाड्यात आहे. दक्षिण आणि मध्य मुंबईतली अनेक जुनी हॉटेलं पागडीच्या जागेत आहेत. भाडेनियंत्रणामुळे त्यांचं भाडं फारसं वाढलं नाही, म्हणून चहा-जेवणाचे दर आवाक्यात राहिले. इमारत पुनर्विकासाला गेली की हे गणित मोडतं. नव्या टॉवरखाली बाजारभावानं गाळा घेऊन राइस प्लेट विकणं परवडत नाही. तिथं दोनशे-तीनशे रुपयांची कॉफीच विकावी लागते. चव टिकवणारे हात असतात, गिऱ्हाईक असतं, फक्त जागा उरत नाही.

म्हणून स्वस्त खाण्याकडे शहराची सोय म्हणून बघायला हवं, जसं आपण लोकलकडे आणि नळाच्या पाण्याकडे बघतो. राज्य सरकारनं २०२० मध्ये दहा रुपयांची शिवभोजन थाळी आणली, तेव्हा गरिबाच्या जेवणाची जबाबदारी निदान मान्य केली. पण थाळीच्या अनुदानाइतकीच जागेची हमी महत्त्वाची आहे. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्याप्रमाणे सर्वेक्षण होऊन गाड्यांना हक्काची जागा आणि स्वच्छ पाणी मिळालं पाहिजे. पुनर्विकासाच्या आराखड्यात खानावळीला परवडेल असा गाळा राखून ठेवला पाहिजे.

आणि आपल्या हातात जे आहे ते आपण करावं. आठवड्यातून एखादा दिवस तरी अशा ठिकाणी जेवावं. वेळ गर्दीची असेल तर जेवून लगेच उठावं. भाजी चांगली झाली असेल तर वाढणाऱ्याला तसं सांगावं. सोसायटीच्या पुनर्विकासाची बैठक लागली, की खालच्या हॉटेलवाल्याचं काय ठरलं, हा प्रश्न कार्यवृत्तात नोंदवून घ्यावा.