‘मला भूक नाही’ म्हणणं आता पुरे!



लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मुलाने आम्हा दोघांना मंचरहून पुण्यातल्या एका बड्या जपानी हॉटेलात नेलं. टेबल रात्री आठचं आणि आमचा चौविहार! तो नसता, तरी खाणार काय? मिसो सूप दिसतं साधं, पण त्यातलं ‘दाशी’ हे पाणी बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाचं असतं. सुशीसोबत आलं, म्हणजे कंदमूळ. मिरीन तर तांदळाची गोड दारूच.

मी म्हणाले, “मला भूक नाही.” अहिंसा पाळली, पण सत्य मोडलं. हा कुठला हिशेब?

“मुलांचा आनंद कशाला मोडायचा?” ही आपली नेहमीची सबब. पण आई उपाशी बसलेली पाहून कुठल्या मुलाला आनंद होतो? आपण बोलत नाही, म्हणून त्यांना कळत नाही.

जपानच्या बौद्ध मठांतल्या ‘शोजिन र्‍योरी’ जेवणात मांस-मासे नसतात, कांदा-लसूणही नसतो. मुळा-गाजर चालतं, तरी वर्ज्य म्हणजे काय हे तिथल्या स्वयंपाकाला ठाऊक आहे. मग आपल्यालाच सांगायची लाज का?

पुढच्या वेळी टेबल दुपारचं घ्यायला लावा. आधी फोन करून दाशी कशाची ते विचारा. जमत नसेल, तर घरच्या पुरणपोळीनेही वाढदिवस साजरा होतो.