थरथरणारा हात आणि ‘असर’

आमच्या दूधनाक्यावरच्या एका चाचांची किडनी बदलली. चाचींनीच दिली. शस्त्रक्रिया चांगली झाली, मोहल्ल्यात मिठाई वाटली गेली. दोन महिन्यांनी चाचांचा हात थरथरू लागला, झोप उडाली, मग ते असंबद्ध बोलू लागले. घरात कुजबूज सुरू झाली, ‘असर झालाय.’ कुणी ताईत आणला. कुणी म्हणालं, दुसऱ्याचा अवयव घेतला, गुनाह झाला.

गुनाहाचं आधी बघू. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८८ सालीच काही अटींसह अवयव प्रत्यारोपण जायज ठरवलं आहे. तो वाद आता पुरे.

उरला थरथरणारा हात. शरीराने नवा अवयव परका समजून नाकारू नये म्हणून बहुतेक रुग्णांना टॅक्रोलिमस हे औषध घ्यावं लागतं. १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूत ते सापडलं. औषध मोलाचं, पण रक्तातलं त्याचं प्रमाण वाढलं की मेंदूला त्रास होतो. हात कापतो, डोकं दुखतं, भ्रम होतो, कधी फिट येते, दिसेनासं होतं. चाचांना खोकला झाला होता आणि मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय क्लॅरिथ्रोमायसिन दिलं होतं. या गोळीमुळे टॅक्रोलिमस रक्तात साठत जातं. बुरशीवरच्या फ्लुकोनॅझोलनेही तेच होतं. टीबीचं रिफॅम्पिसिन उलट प्रमाण पाडतं, मग किडनीच धोक्यात.

दर वेळी औषधच कारण असतं असंही नाही. प्रतिकारशक्ती दाबलेली असल्याने मेंदूत जंतुसंसर्गही होऊ शकतो. घरबसल्या ते कळणार नाही. आणि घाबरून गोळी बंद केली तर मिळालेला अवयव हातचा जाईल.

चाचांच्या बारावीतल्या मुलीने कुणाला न विचारता प्रत्यारोपण विभागाला फोन लावला. ‘आत्ताच घेऊन या,’ तिकडून सांगितलं. डोस बदलला, खोकल्याची गोळी थांबवली, काही दिवसांत चाचा भानावर आले.

माझी तक्रार आपल्याच लोकांवर आहे. जुम्म्याच्या बयानात यासाठी दोन मिनिटं का मिळू नयेत? नवस बोलायला माझी ना नाही, हाजी मलंगच्या पायऱ्या मीही चढलो आहे. पण आधी फोन.

औषधाचं प्रमाण तपासायचं तर सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यावं लागतं. त्यामुळे तपासणीच्या दिवशी चाचा फजरनंतर कल्याणहून परळची लोकल पकडतात. दंडावर ताईत असतो आणि गोळी खिशात.